टिळकांचा ख्रिस्त: पंगतीतला की गाभाऱ्यातला?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी मराठीत लिहिताना एक विधान आता सवयीने केले जाते. टिळकांनी ख्रिस्ताला मराठी केले. म्हणजे देवत्वाच्या परक्या सिंहासनावरून त्याला खाली उतरवून संतांच्या पंगतीत बसवले. त्यांचा ख्रिस्त हा सद्गुरू, नीतीचा उपदेशक, ज्ञानोबा-तुकोबांचा दूरदेशीचा भाऊ. ‘येशू हाच देव’ हे मिशनऱ्यांचे मत होते, ते टिळकांचे नव्हे. आणि मुळात ते खुद्द येशूचेही नव्हते.

हे विधान बहुधा प्रेमापोटी केले जाते. टिळकांना आपल्यातच ठेवण्याची इच्छा त्यामागे असते, आणि ती इच्छा मला मोलाची वाटते. पण विधान चुकीचे आहे. टिळकांच्या बाबतीत चुकीचे आहे आणि ख्रिस्ताच्या बाबतीतही चुकीचे आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, ही खंडनाची रीत नव्हे. म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. त्यात टिळकांना जिंकले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे नीतीच्या उपदेशाने. त्रैक्याच्या सिद्धान्ताने नव्हे. पुढे आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे त्यांनी स्वतः सांगितले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मग देवत्वाचा आग्रह आला कोठून? अहमदनगरला १८३१ साली जे अमेरिकन मराठी मिशन आले, त्याची मातृसंस्था बोस्टनची. बोस्टनच्या चर्चमध्ये तेव्हा येशूला देव मानणारे आणि केवळ मानव मानणारे यांच्यात उघड फूट पडली होती आणि नगरला आलेले मिशनरी पहिल्या पक्षाचे होते. म्हणजे त्यांच्या घरचे भांडण त्यांनी आपल्या अंगणात आणले. आणि ते मतही मूळचे नव्हे. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने नायसिया येथे परिषद बोलावली, बिशपांनी मत दिले आणि नाझरेथचा सुतार देव झाला.

शेवटचा मुद्दा सर्वांत धारदार आहे, आणि तो नगर जिल्ह्यातलाच आहे. शिर्डीचे साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधिस्थ झाले. एक फकीर काही दशकांत लाखोंचा देव कसा होतो, हे नगर जिल्ह्याने डोळ्यांदेखत पाहिले आहे. गालीलातही तेच झाले असेल. त्यात वेगळे ते काय?

हा पक्ष पोरकट नाही. त्याला दोन शतकांची परंपरा आहे. राममोहन रॉय यांनी १८२० साली येशूची वचने चमत्कार आणि देवत्व वगळून छापली, तेव्हापासून सेरामपूरच्या मिशनऱ्यांशी हाच वाद रंगला. १८६७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या प्रार्थनासमाजाने येशूविषयी आदर राखला आणि अवतार नाकारला. ही प्रामाणिक माणसांची प्रामाणिक भूमिका होती. तिला उत्तरही प्रामाणिकच द्यायला हवे.

नायसियापासून आरंभ करू, कारण हा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत लवकर निकालात निघतो. त्या परिषदेत सुमारे तीनशे बिशप होते. त्यांच्यापुढचा प्रश्न ‘येशू मानव की देव’ हा नव्हताच. ज्याच्याविरुद्ध परिषद भरली तो एरियससुद्धा येशूला केवळ मानव म्हणत नव्हता. त्याच्या मते पुत्र हा सर्व युगांच्या आधीचा आणि सृष्टी त्याच्याच द्वारे झाली. फक्त तो स्वतःही निर्मिलेला, म्हणून पित्याच्या तोडीचा नव्हे. वाद एवढ्यावर होता. ‘थोर माणूस’ हा पक्ष मांडायला त्या सभागृहात कोणी उभाच राहिला नाही.

आणि सम्राटाच्या इच्छेने देव ठरला म्हणावे, तर पुढचा इतिहास कसा लावणार? कॉन्स्टन्टाइनने ३३७ साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे एरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा दुसरा कॉन्स्टन्शियस एरियसच्या पक्षाला झुकलेला होता. नायसियाचा निर्णय धरून बसलेला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेपर्यंत राजसत्तेचे बळ बहुतांशी दुसऱ्या बाजूला होते. राजाज्ञेने सिद्धान्त ठरत असता तर आज जगभरच्या चर्चमध्ये एरियसचे मत म्हटले गेले असते. ते गेले नाही.

आता परिषदेच्या मागे जाऊ. ११२च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला एक पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, असे तो कळवतो. ही माहिती पक्की करायला त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविका म्हणून काम करत होत्या. नायसियाच्या दोनशे वर्षे आधीची ही साक्ष. ती देणारा ख्रिस्ती नाही, त्याला ख्रिस्ताविषयी आस्थाही नाही. सरकारी अहवाल आहे हा.

येथे थोडे थांबतो. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. ‘त्या गरिबांना ख्रिस्ताच्या देवत्वाशी काय देणेघेणे? तो पंडितांचा विषय’, असे शिकलेली माणसे सहज बोलून जातात. त्या दोन दासी पंडित होत्या काय? गुलामीत जगणाऱ्या त्या बायका ख्रिस्ताला देव म्हणून गात होत्या, तेव्हा त्या सिद्धान्ताची परिभाषाही घडली नव्हती. आधी गाणे आले, परिभाषा मागाहून. राहुरी-वडाळ्याच्या मंडळीत भजन धरणाऱ्यांना सिद्धान्त कळत नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला चालत जाणारी बाई ४३१ सालच्या इफिससच्या परिषदेचे नाव घेणार नाही. पण मरियेला एवढा मान का, असे विचारा. ती तिच्या मुलाचे नाव घेईल. इफिससने दुसरे काही सांगितले नव्हते.

प्लिनीच्याही मागे जाता येते. येशूला क्रुसावर दिले ते ३० किंवा ३३ साली. प्रेषित पौलाची पत्रे ५० ते ६० या दशकातली. यांतली मुख्य पत्रे पौलाचीच आहेत, हे कडवे टीकाकारही मानतात. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्तोत्रासारखा एक उतारा आहे. अनेक अभ्यासकांच्या मते तो पौलाच्याही आधीचा. देवाच्या स्वरूपात असलेला तो दासाचे रूप घेतो, क्रुसावरचे मरण पत्करतो आणि अखेर प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकतो, असा त्याचा आशय. प्रत्येक गुडघा टेकण्याची ही कल्पना यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातली. तेथे हा मान एकमेव देव फक्त स्वतःसाठी राखतो. तोच मान येथे येशूला दिला आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल एक अरामी प्रार्थना भाषांतर न करता ठेवतो, आणि ती येशूला ‘ये’ म्हणून विनवते. ग्रीक बोलणाऱ्यांच्या पत्रात अरामी प्रार्थना का? कारण ती पॅलेस्टाइनमधल्या पहिल्या शिष्यांच्या ओठांवरची होती. देवत्वाची कल्पना ग्रीक जगात गेल्यावर चिकटली, हे विल्हेल्म बुसेटचे १९१३ सालचे मत एकेकाळी फार गाजले. या अरामी प्रार्थनेपाशी ते अडखळते. अमेरिकन अभ्यासक बार्ट अर्मन स्वतः श्रद्धावान नाहीत. येशू देव कसा झाला, या प्रश्नावर २०१४ साली त्यांनी ग्रंथ लिहिला. येशूला कोणत्या ना कोणत्या अर्थाने दैवी मानणे त्याच्या मृत्यूनंतर लगेचच सुरू झाले, हे तेही मान्य करतात. वाद आहे तो त्याच्या अर्थाविषयी. म्हणजे तीनशे वर्षांचा अवधी गेला. उरली फार तर वीस वर्षे.

येथेच शिर्डीचा मुद्दा उभा राहतो. वीस वर्षे पुरेशी आहेत, शिर्डीत तेवढीही लागली नाहीत, असे पूर्वपक्ष म्हणेल. शिर्डीच्या भक्तांच्या श्रद्धेला उणे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मी फक्त दोन भूमी शेजारी ठेवून पाहतो.

शिर्डीचा भक्त ज्या परंपरेत वाढला तिच्यात गुरू हाच परब्रह्म, हे सूत्र शतकानुशतके रुजलेले होते. साईबाबांना देव म्हणताना त्याला आपल्या श्रद्धेचा एकही खांब हलवावा लागला नाही. येशूचे पहिले शिष्य कोण होते? यहूदी. देव एकच आहे, हे वचन रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारे. माणसाला देव म्हणणे त्यांच्या लेखी सर्वांत घोर पाप होते, आणि ही कागदावरची गोष्ट नव्हती. इसवी सन ४०च्या सुमारास सम्राट कॅलिगुलाने यरुशलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवण्याचा हुकूम काढला, तेव्हा यहूदी शेते नांगरायची सोडून सुभेदारापुढे मान कापून घ्यायला बसले. त्याच दशकात, त्याच समाजात, त्याच यरुशलेमात काही यहूदी एका माणसाला प्रभू म्हणून प्रार्थना करू लागले होते. आणि तो माणूस सन्मानाने देह ठेवलेला नव्हता. त्याला लाकडावर टांगून मारले होते, आणि टांगलेला तो शापित, असे त्यांचेच धर्मशास्त्र सांगत होते.

शिर्डीची प्रक्रिया तेथे लागू पडते काय? खुद्द शिष्यांनी ती लागू होऊ दिली नाही, याचा पुरावा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत लुस्त्र गावाची हकिकत येते. तेथल्या लोकांनी बर्णबा आणि पौल यांना देव ठरवले आणि यज्ञाला बैल आणले. या दोघांनी कपडे फाडले, गर्दीत धाव घेतली आणि आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत असा आक्रोश केला. माणसाचा देव होण्याची किळस ज्यांना इतकी होती, तेच येशूपुढे गुडघे टेकत होते. याला काही कारण हवे. ख्रिस्ती माणूस ते कारण पुनरुत्थानात शोधतो. ते तुम्ही नाकारा, तुम्हाला तो हक्क आहे. पण ‘भाबड्या भक्तांनी देव केला’ हे उत्तर पुरत नाही. तेथे भाबडे भक्त नव्हते. मूर्ती फोडणाऱ्यांचे वंशज होते.

काही ख्रिस्ती वक्ते एक सोपा पेच टाकतात: येशू स्वतःला देव म्हणाला, मग तो ठक असेल, वेडा असेल किंवा देव असेल. हा पेच मी वापरत नाही. ती वाक्ये शिष्यांनी मागाहून त्याच्या तोंडी घातली असतील, असे कोणी म्हटले तर पेच सुटतो. म्हणून ज्यावर पूर्वपक्षाचा स्वतःचा विश्वास आहे तेच साधन घेतो. ते म्हणजे डोंगरावरील प्रवचन, टिळकांना जिंकणारे.

ते प्रवचन पुन्हा वाचा. इस्राएलचे संदेष्टे देवाचा निरोप देवाच्या नावाने सांगत. येशू तसे करत नाही. पूर्वजांना काय सांगितले होते ते आधी सांगतो आणि मग ‘पण मी सांगतो’ अशा अधिकाराने बोलतो. पूर्वजांना सांगणारा कोण होता? सीनाय पर्वतावरचा देव. त्याच्या शब्दापुढे स्वतःचा शब्द ठेवणारा माणूस नुसता नीतीचा शिक्षक कसा राहतो? प्रवचनाच्या शेवटी तर अखेरच्या दिवसाचे दृश्य आहे. लोक त्याला प्रभू प्रभू म्हणतील आणि त्यांना आत घ्यायचे की दूर सारायचे, हे तो ठरवील. न्यायासनावर तो स्वतः बसला आहे. हे प्रवचनाच्या बाहेरचे तत्त्वज्ञान नव्हे. प्रवचनाची अखेर आहे. राममोहन रॉय यांच्या कात्रीने चमत्कार कापता आले. हे कसे कापणार?

मग येशूने प्रार्थना केली ती कोणाला? आपल्याला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकच, असे तो श्रीमंत तरुणाला म्हणाला, ते का? शेवटची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मार्कने कसे लिहिले? ही वचने आहेत, स्पष्ट आहेत, आणि ख्रिस्ती धर्माने ती कधी लपवली नाहीत. ४५१च्या काल्सिडनच्या परिषदेने येशू खरा देव म्हटला तसाच खरा मानवही म्हटला. भूक, थकवा, अश्रू, अज्ञान, मरण, सगळ्यांसकट मानव. येशूच्या मानवपणाचा प्रत्येक पुरावा त्या घोषणेची अर्धी बाजू बळकट करतो. त्याने दुसरी अर्धी पडत नाही.

बोस्टनचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकन बोर्ड १८१० साली स्थापन झाले ते येशूला देव मानणाऱ्या पक्षाकडून, हे खरे. पण मराठीत ख्रिस्ताचे देवत्व बोस्टनहून आले काय? थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. बोस्टन शहर वसले १६३० साली. स्टीफन्सही परदेशीच होते, असे कोणी म्हणेल. मग एक मराठी साक्षीदार घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी निमूट गिळले नाही. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. त्यांचा आश्रय असतानाही घातला. पुढे ज्या ख्रिस्ताकडे त्या आल्या, तो त्यांना प्रार्थनेत उत्तर देणारा जिवंत प्रभू होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. हे दडपणाखाली मान डोलावणाऱ्या बाईचे चरित्र आहे काय?

नगरचे मिशनही समजतात तेवढे आंधळे कर्मठ नव्हते. टिळक ज्यांच्या सहवासात राहिले ते रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांची परलोकाविषयीची उदार मते १८८६ साली अमेरिकेत वादग्रस्त ठरली, आणि बोर्डाने त्यांचे भारतात परतणे काही काळ रोखून धरले. जे मत पटेना ते बोलून दाखवणारी माणसे नगरात होती. ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी सोडले नाही.

आता टिळक. येथे मला सावकाश बोलायचे आहे, कारण अन्याय येथे झाला आहे.

टिळकांनी ख्रिस्ताला वारकरी चौकटीत आणले, हे पूर्णपणे मान्य. प्रश्न असा की त्या चौकटीत कोणत्या जागी? वारकरी परंपरेत दोन जागा आहेत. एक संतांची पंगत. दुसरी विटेवरची. तुकोबांनी ज्ञानदेवांची थोरवी गायली. पण पापाची क्षमा मागितली, भेटीसाठी तळमळले, भांडले, रुसले, आई म्हणून हाक मारली ती विठ्ठलाला. आता टिळकांची ‘अभंगांजली’ उघडा. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मधली त्यांची भजने काढा. क्षमा कोणाकडे मागितली आहे? आई कोणाला म्हटले आहे? कोणात विरून जाण्याची आस आहे? ख्रिस्तात. टिळकांनी ख्रिस्ताला तुकोबांच्या शेजारी बसवले नाही. स्वतः तुकोबांच्या जागी उभे राहिले आणि ख्रिस्ताला विठ्ठलाच्या जागी पाहिले. ज्यांना भक्तीची चौकट कळते त्यांनीच ही चूक करावी, याचे मला नवल वाटते.

सद्गुरू या संबोधनाने काही कमी होत नाही. ज्या परंपरेतून ते आले तेथे सद्गुरू हा देवाहून खालचा नव्हे.

मग अनेकांतले एक इष्टदैवत म्हणावे काय? टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्सलो यांनी नोंदवले आहे की हिंदू संतांना टिळक आपल्या जुन्या कराराचे स्थान देत. हे विधान हिंदू वाचकाला खटकेल, आणि त्याचे खटकणे मी समजू शकतो. पण त्याचा अर्थ बदलता येत नाही. जुना करार ज्याच्याकडे बोट दाखवतो तो जुन्या कराराच्या रांगेत बसत नाही. तुकोबा हा सेतू असेल, तर सेतूच्या पलीकडे जे आहे ते सेतू नव्हे.

आणि किंमत पाहा. येशू थोर पुरुष एवढेच मानायचे असते, तर प्रार्थनासमाजाचे दार उघडे होते. तेथे येशूचा गौरव करून जात राखता येत होती, घर राखता येत होते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. गणगोत तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. ती वर्षे कशी गेली हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. एका नीतिशिक्षकासाठी इतकी किंमत लागत नव्हती, आणि हे टिळकांना पक्के माहीत होते. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतः ख्रिस्त स्वीकारला आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले.

राहिला ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्म्याची अट नव्हती, म्हणून ख्रिस्ताचे देवत्वही गळले, असा तर्क केला जातो. तो उलटा आहे. टिळकांचे भांडण मिशनच्या चौकटीशी, पगाराशी, परक्या वळणाशी होते. पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून ते निघाले ते, विन्सलो सांगतात त्याप्रमाणे, जिवंत ख्रिस्ताने आपल्याला बोलावले या अनुभवामुळे. दार त्यांनी रुंद केले. दाराच्या आत जो होता तो बदलला नाही. उलट, संस्था, पगार, मंडळीचे सभासदत्व हे सगळे बाजूला सारले तरी चालेल, इतका तो एकटा पुरेसा वाटल्याखेरीज कोणी असा दरबार मांडत नाही.

वाचकहो, पुरावा तुमच्यापुढे आहे आणि न्याय तुम्ही करायचा आहे. येशू देव नव्हता असे ज्याला वाटते त्याने ते खुशाल म्हणावे. त्या मताला राममोहन रॉय यांचा आणि प्रार्थनासमाजाचा आधार आहे, तो घ्यावा. पण त्या पक्षाच्या साक्षीदारांच्या यादीतून नारायण वामन टिळकांचे नाव काढावे. त्यांची साक्ष दुसऱ्या बाजूची आहे.